खैरटोल्याची दुसरी मंडई

लहान मुलांना कसं शिकवावं, हे मला आता कोणी सांगायला येऊ नये! नागपूरला जाऊन पाच दिवसांचं प्रशिक्षण मी पूर्ण केलं आहे. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून फुलचूरच्या आमच्या घरात बाबांच्या फोटोशेजारी लावलं आहे. आईने कौतुकाने दोघांनाही हार घातला होता. त्यातला एक मी काढायला लावला.

प्रशिक्षणात जे शिकले ते थोडक्यात सांगते. आठवडाभरासाठी एक थीम घ्यायची. पाणी घेतलं तर गाणी पाण्याची, चित्रं पाण्याची, मोजणं, ओतणं आणि सांडणंही पाण्याचंच. पण थीम बाईंनी ठरवायची नाही, ती मुलांच्या प्रश्नातून यायला हवी. उत्तरही बाईंनी द्यायचं नाही, मुलांनी चार माणसांना विचारून, स्वतः बघून शोधायचं. मग बाईंनी काय करायचं? बाईंनी मागे राहायचं. मी तीन वर्षं पुढे राहून घसा बसवून घेतला होता, त्यामुळे हे मला फारच पटलं.

माझी नोकरी एका संस्थेच्या बालवर्गावर. गाव खैरटोला, नागरा गावाच्या पुढे स्कूटीने वीस मिनिटं. एकोणीस मुलं, एक खोली, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि पुढे भलंमोठं पटांगण. तीन वर्षं मी तिथे तात्पुरतीच होते. दर जूनला नवा कागद मिळायचा आणि दर एप्रिलला "बघू" असं उत्तर. यंदा मात्र संस्थेचे सचिव केशोराव स्वतःहून म्हणाले, "रेणूताई, इस बार आपका पक्का कर देते हैं. नागपूरच्या चेतना मॅडम गुरुवारी वर्ग बघायला येतील. त्यांनी लिहून दिलं की तुम्ही कायम!"

कायम! हा शब्द ऐकला आणि मला रात्री झोपेतसुद्धा हसू यायला लागलं, असं आई सांगते.

त्या सोमवारी वर्गात शिरले ती प्रश्नाची वाट बघतच. प्रश्न विचारला दुर्गेशने. हा मुलगा पाच वर्षांचा आहे, शाळेच्या शेजारीच राहतो आणि त्याला उत्तर मिळालं नाही तर तो जेवत नाही.

"बाई, आपली मंडई पाण्यात बुडाली. ते परत काऊन नाही होत?"

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात लेकी-जावई येतात, सोयरे येतात, जिलेबी-शिंगाड्यांची दुकानं लागतात, दंडार नावाचं लोकनाट्य रंगतं. पोराबाळांची लग्नंसुद्धा तिथेच बोलताबोलता ठरतात. यंदा खैरटोल्याची मंडई ऐन दिवशी अवकाळी पावसात वाहून गेली होती. दुकानदार आल्या पावली परत गेले, पाहुणे अर्ध्या वाटेवरून वळले, आणि सगळं गाव आठ दिवस तोंड पाडून बसलं होतं.

मी तर उडालेच! मुलाचा प्रश्न, मुलाच्याच गावातला, आणि उत्तर मला स्वतःलाही ठाऊक नाही! नागपूरच्या प्रशिक्षकांनी पाहिलं असतं तर डोळ्यांतून पाणी काढलं असतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: थीम, मंडई. गुरुवारी वर्गातच छोटी मंडई भरवायची, असं ठरलं. पुठ्ठ्याची दुकानं, मातीची जिलेबी, कागदाचे फुगे.

मुलांना म्हटलं, "मंडई कशी ठरते, पाहुण्यांना कसं बोलावतात, घरी जाऊन विचारून या."

दुसऱ्या दिवशी एकोणीसपैकी चौदा मुलांनी एकच उत्तर आणलं. कोतवाल मुनादी देतो, म्हणून मंडई होते. बाकीच्या पाच जणांनी घरी विचारलंच नव्हतं.

मुनादी म्हणजे दवंडी. आता ज्याचं काम त्याच्याकडूनच शिकावं, हेही प्रशिक्षणातच होतं. म्हणून मी गावचे कोतवाल शालीकराम यांना वर्गात बोलावलं. ते खाकी शर्ट घालून, डफडं तापवून आले. मुलं गोल करून बसली. शालीकरामांनी बसल्या बसल्या, अंगणात शेजाऱ्याला हाक मारावी तेवढ्या आवाजात, दोन ओळी म्हणून दाखवल्या.

"अशी नको, कोतवालजी," मी म्हटलं. "अगदी खरी वाटली पाहिजे! मुलांना सोबत घ्या आणि गल्लीतून एक चक्कर मारून या ना."

शालीकरामांनी डफडं गळ्यात अडकवलं. "खरी देऊ म्हणता?"

"एकदम खरी!"

लोकहो, जे झालं ते इथे झालं. पण तेव्हा मला काय माहीत! मी वर्गात पुठ्ठे कापत बसले होते आणि बाहेरून येणारा आवाज ऐकून मला भरून येत होतं.

"ऐका हो ऐका! येत्या गुरुवारी शाळेच्या पटांगणात मंडई आहे होऽ! पाहुण्यारावळ्यायले सांगा होऽ!" आणि मागून एकोणीस कोवळे गळे, "होऽऽ!"

एक चक्कर सांगितली होती. पाऊण तासाने मुलं आली ती धुळीने भरलेली आणि खूश. शालीकराम घाम पुसत म्हणाले, "तिन्ही गल्ल्या केल्या, पलीकडचा टोलाबी केला. मुनादी अर्धी देल्ली तं पाप लागते, बाई." काय ही निष्ठा! मी मुलांकडून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

खैरटोल्यात मुनादी म्हणजे सरकारचा शब्द. लसीकरणाची मुनादी होते आणि पोरं दंडावर लस घेऊन येतात. नळाची मुनादी होते आणि नळ बंद होतो. गावाने ऐकलं, बुडालेली मंडई परत होणार. आणि ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल.

बुधवारी सकाळी दुर्गेशची आजी, सावित्रीबाई, शाळेच्या दारात आल्या. वर्गात काहीही असलं की खिचडी-बिचडी करायला त्या हक्काने येतात.

"बाई, तेल किती लागन?"

"पावशेर पुरे, आजी. थोडंच करायचं आहे."

"पावशेर?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "माहे दोन जावई येऊन राहिले, ते दोघंच पावशेर तेल पिऊन जातीन!"

मी पोट धरून हसले. आजी किती छान भूमिका करतात! पालकांचा सहभाग वाढवा, असं प्रशिक्षणात घसा फोडून सांगितलं होतं, आणि इथे तर आजी न सांगता नाटकात उतरल्या होत्या. मीही तशीच उतरले. "येऊ द्या ना जावयांना! शाळेतर्फे सगळ्यांना जेवण!"

"सगळ्यायले?"

"सगळ्यांना!"

आजी विचारात पडून गेल्या.

दुपारी एक अनोळखी गृहस्थ आला आणि पटांगणात पावलं मोजायला लागला. "बाई, जिलेबीची भट्टी कोठी लावू?" मला वाटलं, कोणाचा तरी मामा असेल, पुठ्ठ्याचं दुकान लावायला भाच्याने पाठवलं असेल. मी त्याला मुलांनी रंगवलेला कागदी बिल्ला दिला, चार नंबरचा. त्याने तो खिशात नीट घडी करून ठेवला. मग घनश्याम नावाचा दंडारवाला आला आणि दंडार किती वाजता, म्हणून विचारायला लागला.

मी म्हटलं, "अकराला या. दहा मिनिटं खूप झाली."

"दहा मिनिटांत तं आमचा पेटीवाला बसत नाही, मॅडम."

"बरं, पंधरा!"

तो मान हलवत गेला. माझ्या मनात आलं, चेतना मॅडम उद्या हे बघतील आणि तिथल्या तिथे कागदावर सही करतील. संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईची मोरपंखी साडी इस्त्री केली.

गुरुवारी साडेनऊला नागरा ओलांडलं आणि स्कूटी अडली. पुढे ऑटोंची रांग. एका ऑटोच्या टपावर फुग्यांचा भारा, दुसऱ्यात शिंगाड्यांची पोती, त्याच्या पुढे एक छोटा आकाशपाळणा ट्रॅक्टरवर चढून निघालेला. आज कोणत्या गावची मंडई बरं? मी एका ऑटोवाल्याला विचारलं.

"खैरटोला की मंडई, मॅडम! शाळावाली! आपको चलना है क्या? बैठो, आगे जगा है."

स्कूटी मी तशीच शेताच्या बांधावरून काढली.

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चार नंबरच्या बिल्ल्याच्या भरवशावर खरी भट्टी पेटली होती. बांगड्यावाल्या ओळीने बसल्या होत्या. आकाशपाळण्याला माझ्याच शाळेच्या खिडकीच्या गजाचा आधार दिला होता. आणि मधोमध शालीकराम खाकी शर्टात, हातातल्या काठीने लोकांना वाट दाखवत उभे.

"कोतवालजी! हे काय?"

"मंडई," शालीकराम म्हणाले.

"अहो, ते मुलांना शिकवायला होतं! वर्गातल्या वर्गात!"

"तुमीच म्हणले ना, एकदम खरी द्या?" आणि ते एका बैलगाडीला बाजूला घ्यायला धावले. एकदम खरी म्हणाले होते तर मीच!

तेवढ्यात सावित्रीबाईंनी माझं मनगट धरलं आणि मागे पत्र्याच्या स्वयंपाकघराकडे ओढत नेलं. तिथे तीन चुली पेटल्या होत्या, गावच्या सात-आठ बाया कणीक मळत होत्या.

"पाहुणा उपाशी गेला तं गावाचं नाक कापल्या जाते, बाई. यजमान कोण? शाळा. तुमीच बोलले, शाळेतर्फे जेवण. अन् यजमानीण चुलीपासून हालत नाही. घ्या लाटणं!"

"आजी, आज नागपूरच्या मॅडम येणार आहेत! माझी नोकरी..."

"येऊ द्या. त्यायलेबी वाढू."

मी लाटणं घेतलं. आमच्याकडे पुऱ्यांना सुवाऱ्या म्हणतात. एका वेळी शंभर सुवाऱ्या लाटायच्या तर मोरपंखी साडीचा पदर कमरेला खोचावाच लागतो, आणि डोळ्यांवर येणारे केस पिठाच्या हातानेच मागे सारावे लागतात. पहिला घाणा निघेपर्यंत मी ओळखू येण्यापलीकडे गेले होते. पोळपाटाशेजारी फोन थरथरला. केशोराव.

"रेणूताई, मॅडम नागऱ्यापर्यंत आल्यात. रस्ता जाम है बोल रही हैं. कोणत्या तरी गावची मंडई दिसते. तुम्ही तयार ना?"

"एकदम तयार," मी म्हटलं आणि फोन पिठातच ठेवला.

उठायला गेले तर आजींनी खांद्यावर हात ठेवला. "हा घाणा काढा, मंग जा." तो घाणा काढला तर पुढची पंगत बसली होती. मी चक्क रडकुंडीला आले होते. तीन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस बाहेर पटांगणात उजाडला होता, आणि मी आत सुवाऱ्या लाटत होते.

स्वयंपाकघराला पटांगणाच्या बाजूने एक छोटी खिडकी आहे. लाटता लाटता मी मान वर करून बघायची. आणि खरं सांगते, जे दिसलं त्याने माझा हात थांबला.

माझी मुलं कामाला लागली होती! कोणी सांगितलं नव्हतं. दुर्गेश पटांगणाच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येक पाहुण्याला अडवत होता. "तुमी कोण्या गावचे? कायले आले?" मग उत्तराप्रमाणे जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनात एक खडा टाकत होता. एका चौकोनात ताट काढलं होतं, एकात पाळणा, एकात फुगडी घालणाऱ्या दोन बाया. ताटाच्या चौकोनात खड्यांचा ढीग झाला होता. पाळण्यात पाच-सहा होते. पलीकडे संध्या नावाची आमची चार वर्षांची मुलगी जिलेबीच्या भट्टीसमोर हाताची घडी घालून उभी होती.

"जिलेबी गोल काऊन असते?"

"सीधी केली तं कढईत मावत नाही, माय," जिलेबीवाला म्हणाला.

संध्याने कढई हाताच्या वितीने मोजायला घेतली. तो बिचारा 'पोळंन गं, पोळंन!' म्हणत झारा आडवा धरून बसला. तीन मुलं शिंगाडेवालीला तळ्यातल्या शिंगाड्यांना काटे कोण लावतं, ते विचारत होती. एक मुलगा पाळण्याखाली निजून चाक कसं फिरतं ते बघत होता. मुलांना मी कधी एवढी शिकवू शकले नव्हते. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी चार सुवाऱ्या जळल्या.

मग गर्दीत ती दिसली. पस्तिशीची, चष्मा लावलेली, खांद्यावर झोळी. वही उघडून ती दुर्गेशच्या चौकोनांपाशी उकिडवी बसली होती. चेतना मॅडम!

खिडकीतून शब्द स्पष्ट येत होते.

"हे खडे कशाचे, बाळा?"

"पाहुण्यायचे. तुमी कायले आले, सांगा. खडा टाकतो."

"मी शिकायला आले असं समज."

"तसा चौकोन नाही," दुर्गेश म्हणाला. मग जरा विचार करून त्याने बाजूला नवा चौकोन आखला आणि त्यात एकच खडा ठेवला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मी पाहिलं, शपथेवर सांगते!

"आणि तुझा काही प्रश्न होता का? त्याचं उत्तर मिळालं?"

"हो जी. मंडई परत होते. मुनादी देल्ली तं होते."

मॅडम भरभर लिहू लागल्या. मग उठून इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या बाई कुठे आहेत?"

"असन कोठीतरी," दुर्गेश म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याला अडवायला गेला.

मी मनाशी ठरवलं. हा घाणा संपला की मागच्या नळावर तोंड धुवायचं, पदर सोडायचा आणि पुढून, जणू मुद्दामच मागे राहिले होते अशा थाटात, मॅडमसमोर उभं राहायचं. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात दारात सावली पडली.

चेतना मॅडम स्वयंपाकघरात आल्या होत्या. मी सगळ्यांत जवळ बसले होते.

"ताई, इथल्या शिक्षिका रेणू टेंभरे कुठे भेटतील?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? चेहऱ्यावर पीठ, कपाळावर तेल, मोरपंखी साडीला हळद, पुढ्यात कणकेचा डोंगर. तीन वर्षं ज्या नोकरीसाठी जीव टाकला ती नोकरी दारात उभी, आणि मी अशी. "मीच" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

"मालूम नाही जी."

सावित्रीबाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी मान खाली घालून पुढची लाटी घेतली. मॅडम जायला वळल्या, पण सावित्रीबाईंनी त्यांना बसवलंच. पाटावर बसून त्यांनी तीन सुवाऱ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. "फारच छान झाल्यात हो," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि घड्याळ पाहून उठल्या.

मी घाणा टाकून मागच्या दाराने नळावर धावले. तोंड धुतलं, केस सारखे केले, धापा टाकत पुढे आले. तेवढ्यात घनश्यामच्या दंडारीचा ढोलक सुरू झाला आणि मॅडमची गाडी धूळ उडवत देवरीच्या दुसऱ्या वर्गाकडे निघून गेली. मी हात हलवला. गाडीतून मॅडमनीही हात हलवला. सुवारीवाल्या बाईला.

मंडई रात्री नऊला आटोपली. गाव इतकं खूश होतं की कोणाला रागावताच आलं नाही. सावित्रीबाईंच्या धाकट्या नातीचं लग्नही तिथेच ठरलं, असं नंतर कळलं.

आठ दिवसांनी केशोरावांचा फोन आला. मी खुर्चीत बसून घेतलं.

"रेणूताई, मॅडमचा अहवाल आला. वाचू?"

"वाचा."

"'खैरटोला बालवर्ग. मुलांची शोधवृत्ती मी पाहिलेल्या सर्व वर्गांत सर्वोत्तम. संपूर्ण गावाला शिक्षणात सामावून घेण्याचा असा प्रयोग इतरत्र आढळला नाही.'" केशोराव थांबले. "बहुत बढिया है, रेणूताई!"

"पुढे?"

"'शिक्षिका संपूर्ण वेळ वर्गात आढळल्या नाहीत. विचारणा केली असता कोणालाही ठावठिकाणा सांगता आला नाही. त्यांना कायम करण्याची शिफारस करता येत नाही.'"

मी फोन ठेवायला निघाले.

"आणखी एक ओळ आहे," केशोराव म्हणाले. "'स्वयंपाकीण मात्र अत्यंत कष्टाळू असून गर्दीतही शांतपणे काम करते. तिला संस्थेने तात्काळ कायम करावे.'" फोनवर कागद खडखडला. "रेणूताई, आपण खैरटोल्यात स्वयंपाकीण कधी ठेवली? मला नाव द्या, कागद काढायचा आहे. ऊपर से आया है तो करना पडेगा."

मी डोळे मिटले आणि नाव सांगितलं. माझंच.

पलीकडे पेन खरखरलं. मग केशोराव हळूच म्हणाले, "चलो, ठीक आहे. वर्ग तुम्हीच घ्या. कागदावरचं नाव सगळे बघतात, हुद्दा कोण वाचतो?"

तर अशी मी कायम झाले. आईने फुलचूरभर पेढे वाटले, आणि कागदही लॅमिनेशनला टाकायचा म्हणून मागे लागली आहे. मी तो अजून तिच्या हातात दिलेला नाही.